दोन अबोल माणसांचे घर

लग्न होऊन टेंभुर्णीत आले, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, ‘मियाँही अबोल, बीवीही अबोल, घरात बोलणार कोण?’ अशा अंतर्मुख स्वभावाचे वर्णन कार्ल युंग यांनी १९२१ च्या ग्रंथात केले आहे. आमचे मात्र छान जमले. दावतीहून परतल्यावर दोघांनाही तासभर शांतता लागते, कोणी रुसत नाही.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातली कपाशी खाल्ली, आमचीही गेली. कर्जाचा आकडा यांनी महिनोन्‌महिने मनातच ठेवला. बोलक्या बायकोने खोदून विचारले असते. सारख्या स्वभावाचे माणूस दुसऱ्याच्या मौनाचे दार ठोठावत नाही.

तेव्हापासून इशाच्या नमाजनंतर चहा घेताना प्रत्येकाने मनातली एक गोष्ट सांगायची, असे ठरले. शांतता तशीच आहे. तिच्यामागे आता काही दडलेले नसते.