उधारी

परवा शनिवारी आम्ही चौघं सिंहगडावर गेलो होतो. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही... पोटोबा शांत झाल्यावर गड उतरायच्या आधीच एकाने मोबाईल काढून स्प्लिटवाइजवर हिशोब टाकला. प्रत्येकी २३७ रुपये. गाडीपाशी पोचेपर्यंत यूपीआयने सगळे मोकळे! सोय आहे, तक्रार नाही. पण तो 'मोकळे' शब्द डोक्यात अडकून बसला.

कारण एका मित्रापासून मी असाच मोकळा झालो होतो.

तो माझा हॉस्टेलचा रूममेट. चार वर्षं चहा कोणी पाजला, सबमिशन कोणी कोणाचं लिहिलं, काही हिशोब नाही. पुढे २०१२ मध्ये बाबांची बायपास झाली. नोकरी नवी, खात्यात खडखडाट. मी मागितलेही नव्हते. त्याने नुसतं "खाते नंबर सांग" म्हटलं आणि दीड लाख पाठवले. फ्लॅटच्या बुकिंगसाठी साठवलेले होते, हे मला नंतर कळलं.

चौदा महिन्यांनी मी पैसे परत केले. एक्सेल उघडून साडेआठ टक्क्यांनी व्याज काढलं आणि १४,८७५ रुपये वर पाठवले. व्यवहार कसा स्वच्छ हवा ना! त्याने व्याजाची रक्कम तेवढी परत पाठवली. काही बोलला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग २०२० आलं. लॉकडाऊनमध्ये त्याची नोकरी गेली. बायकोचे दागिने ठेवून त्याने हप्ते भरले. मला कळलं सहा महिन्यांनी, तेही तिसऱ्याकडून. फोन करून भांडलोच, "मला का नाही सांगितलंस रे?"

तो हसत म्हणाला, "तुला व्याज किती टक्क्यांनी द्यायचं, तेच ठरेना."

मला काही हसू आलं नाही.

महाभारतातले द्रोण आणि द्रुपद आठवतात? एकाच गुरूकडे शिकलेले. द्रोण मदत मागायला गेला तेव्हा राजा झालेल्या द्रुपदाने ऐकवलं की मैत्री बरोबरीच्यांतच होते. पुढे द्रोणाने शिष्यांकरवी त्याला पकडून आणलं, अर्धं राज्य घेतलं आणि म्हणाला, आता झालो बरोबरीचे. हिशोब चोख. मैत्री मात्र संपली ती संपलीच. द्रुपदाने द्रोणाला मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला.

उलट सुदाम्याचे पोहे बघा. बायकोने शेजारपाजारून मागून आणलेले चार मुठी. तो लाजून लपवत होता, कृष्णाने ओढून घेऊन खाल्ले. द्वारकेच्या राजाला पोह्यांची काय कमी? पण त्याला घेता येत होतं. आपण देण्याचं कौतुक करतो. खरं अवघड आहे ते घेणं, आणि घेतल्यावर थोडं देणेकरी राहणं. मी त्याचं देणं फेडलं नव्हतं, त्याचा माझ्यावरचा हक्क फेडून टाकला होता.

गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. पॅकर्सवाले ठरले होते. मी ते रद्द केले आणि त्याला फोन लावला, "कपाट उचलायला माणूस हवाय. येतोस?"

क्षणभर शांतता. मग, "मिसळ खिलवणार असशील तर येतो."

सकाळी साडेसहाला नाशिकहून निघाला. दिवसभर खोकी उचलली, माझ्या पॅकिंगला शिव्या घातल्या, बायकोकडून दोनदा चहा मागून घेतला. जाताना माझं ड्रिल मशीन घेऊन गेला, म्हणाला, "पडदे लावायचेत, देतो परत."

अजून दिलेलं नाही. नव्या घरात आमचेही पडदे लागायचेत, बायको रोज आठवण करते.

मी शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणणार आहे. त्याला विचारणार नाही. राहू दे त्याच्याकडे.