घरातला पहिला इंजिनिअर

'इंजिनिअर' म्हटलं की आपल्या कट्ट्यावर कॅम्पस, पॅकेज, फार तर एम.एस. एवढंच निघतं. आमच्या आजोबांच्या लेखी मात्र इंजिनिअर म्हणजे खडकीच्या बीईजीतला माणूस! ते स्वतः मॅट्रिकही नव्हते, बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून रिटायर झालेले. पण मला सिव्हिलला अॅडमिशन मिळाली तेव्हा ऐटीत म्हणाले, "म्हंजी घरातला दुसरा इंजिनिअर झाला."

मेजर राम राघोबा राणे हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्याच तोंडून. आजोबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी 'राणेसाहेब' म्हणताना आवाज बदलायचा. राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे, जन्म १९१८ चा. १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी नौशेरा ते राजौरी हा रस्ता आला.

८ एप्रिल १९४८. रणगाड्यांना राजौरी गाठायची होती आणि रस्त्यात सुरुंग पेरलेले. कामाला हात घालतात तोच तोफगोळे पडले. दोन सॅपर जागीच गेले, पाच जखमी झाले, त्यात राणेही. तरी माणूस मागे आला नाही. पुढच्या दिवसांत ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत त्याच्याबरोबरच पुढे सरकत होते, असं सांगतात. चालकाला इशारा द्यायला दोन दोऱ्या! एके ठिकाणी पाइनची पाच मोठी झाडं आडवी टाकलेली, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. तेही हटवलं. ११ तारखेला सकाळी सहाला सुरू केलेलं काम रात्रीपर्यंत चाललं. १२ एप्रिलला राजौरी आपल्या ताब्यात आली. शत्रूची किती माणसं मारली याचा हिशोब या शौर्यात नाहीच. रस्ता मोकळा केला, एवढंच. मला तरी हे जास्त अवघड वाटतं. हल्ल्यात माणूस अंगात आल्यासारखा धावत असेल. सुरुंगापाशी मात्र हात थरथरून चालत नाही.

त्या युद्धातले परमवीर पाच. तिघं रणांगणावरच गेले. जिवंत परतले ते राणे आणि लान्सनायक करम सिंग. पुस्तकांत धडा इथेच संपतो. पण राणे यानंतर ४६ वर्षं जगले! १९५५ ला लग्न, चार मुलं, १९६८ ला मेजर म्हणून निवृत्ती, ११ जुलै १९९४ ला पुण्यात निधन. त्या चार दिवसांवर पानंच्या पानं सापडतात आणि या ४६ वर्षांवर जेमतेम दोन ओळी. त्या वर्षांत काय असेल, याचा थोडाफार अंदाज मला येतो तो आजोबांमुळे.

आमचं येडगाव म्हणजे धरणाचं गाव. कुकडीवरचं हे धरण १९७७ चं. इथून डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातो. आजोबा पेन्शनवर आले तेव्हा नदीकाठचं आमचं वावर पाण्याखाली गेलेलं. आजी सांगते, आल्या आल्या ते भिंतीवर गेले, पिचिंगचे दगड हाताने चाचपले आणि म्हणाले, "काम चांगलं केलंय." वावराचं अवाक्षर नाही! आजी दोन दिवस बोलली नव्हती.

उरलेल्या रानात ते बटाटा लावत. काढताना खुरपं कधी सरळ खाली मारायचे नाहीत. तिरपं घालायचं, हळूच, काही लागलं की थांबायचं, मग बोटांनी माती बाजूला. त्यांच्या सरीत एकही बटाटा चिरलेला निघत नसे. बाकीच्यांच्या चार सऱ्या व्हायच्या, त्यांची एक. आजी बांधावरून ओरडायची, "बटाटं काढताय का सुरुंग?" सगळे हसायचे, तेही हसायचे. सुरुंग शोधताना सळई तिरपीच घालतात, म्हणजे टोक त्याच्या कुशीला लागतं, डोक्यावर दाब पडत नाही, हे मला पुष्कळ नंतर समजलं. आणि आम्हा पोरांना कालव्याच्या कडेने ते कधी पुढे जाऊ देत नसत. पुढे ते, मागे आम्ही, एकामागे एक. आम्हाला वाटायचं, म्हातारा मिलिटरी शिस्त लावतोय.

७१ ला ते पश्चिम आघाडीवर होते. तिथलं काही विचारलं की "रस्ता केला" म्हणायचे आणि उठून गोठ्याकडे जायचे.

२०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणेंचं. ती बातमी वाचून दाखवायला आजोबा नव्हते, म्हणून आजीला दाखवली. मग राणेंची सगळी हकिगत सांगितली: रणगाडा, दोऱ्या, पाच झाडं. तिने शेंगा फोडता फोडता ऐकून घेतली. पदकाचं काहीच विचारलं नाही.

"ह्यो मानूस घरी आल्यावर नीट झोपत व्हता का रं?"

मी म्हटलं, तसं कुठे लिहिलेलं नाही.

"कोन लिहिणार," ती म्हणाली. "ह्ये तर दार उघडं ठिवल्याबिगर झोपायचं न्हाईत. थंडीतसुदिक."