बारा व्होल्टची बार्शी लाइट

शेतकऱ्याच्या घरात खेळण्यातली आगगाडी कशाला, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरातही हा प्रश्न निघालाच. सोयाबीनचे पैसे अजून हाती यायचे होते आणि मी प्लायवूडची सहा फुटी फळी घेऊन आलो. आईने नुसते वर पाहिले. पण गाडी कुठली करणार हे कळल्यावर तीच पुढे सरकून बसली. गाडी होती बार्शी लाइट.

आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना ही गाडी सांगावी लागत नाही. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने 1897 साली ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. पुढे ती एका अंगाला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला लातूरपर्यंत गेली. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. आषाढी-कार्तिकीला डबे वारकऱ्यांनी फुलून जायचे. 2000 सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी गेली. आईचे माहेर तिच्याच वाटेवरचे.

हिशेब सोपा आहे. सगळे 87 पट लहान करायचे. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर, त्याला 87 ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात 9 मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात, तेच घेतले. मोटार आणि चाके विकतची, त्यावर इंजिनाचा साज पुठ्ठ्याचा. माळरान वर्तमानपत्राच्या लगद्याचे आणि बाभळी वाळल्या घोसाळ्याच्या जाळीच्या. त्या आईने केल्या.

तारा जोडायला मात्र मी आठवीतल्या पुतणीला बसवले. त्याला कारण होते. आमच्या वाडीत एक कर्ता माणूस पावसाळ्यात मोटारीच्या पेटीला हात लावताना गेला. तेव्हापासून मुलांना एकच धडा, पेटीकडे फिरकू नका. धाक बरा, पण उद्या घरात दुसरे कोणी नसताना मोटार बंद करायची वेळ आली, तर नुसत्या धाकाने काय होणार?

ही गाडी 12 व्होल्टवर चालते. एवढ्या दाबाने कोरड्या हाताला झटका बसत नाही. एका रुळातून वीज येते, इंजिनातून जाते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. पहिल्याच दिवशी पुतणीच्या लक्षात आले की गाडी लांबच्या टोकाला रेंगाळते. तिला म्हटले, डीपीपासून दूरच्या विहिरीवर मोटार का घुमते, ते आठव. वाट लांबली की दाब उतरतो. मग फळीखालून तांब्याच्या दोन जाड तारा नेल्या आणि दर तीन फुटांवर त्यांतून रुळांना जोड दिला. गाडी सारखी धावू लागली.

खरी मेख टोकाच्या वळणात निघाली. रूळ गोल फिरून आपल्यालाच मिळाले की डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. वळणाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापून फटी ठेवल्या आणि वळणाला वेगळी वीज दिली. गाडी पुरती वळणात आली की बटण दाबून बाहेरच्या मार्गाची दिशा पालटायची, मग ती बिनबोभाट परत निघते. पण फटी पाडण्याआधी जेव्हा शॉर्ट झाला, तेव्हा वीज देणारा डबा आपोआप बंद पडला. पुतणी म्हणाली, "काका, आपल्या मोटारीला असं कोण वाचवतं?"

मी सांगितले, फ्यूज. ती म्हणाली, दाखवा. मेन स्विच पाडला, टेस्टरने पाहिले आणि पेटी उघडली. किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार पिळून बसवलेली. थोरले बंधू म्हणाले, "बारीक तार सारखी उडते. भिजवण अर्ध्यावर राहतं." पोरीने बापाला सांगितले, "बाबा, तार उडते म्हणजे कुठंतरी बिघाड आहे हेच ती सांगते. तुम्ही तिचं तोंड बांधलंय."

बंधू काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी वायरमन आणला. विहिरीच्या काठावर दगडाला घासून केबल सोलली होती, आतली तार उघडी पडली होती. त्याच काठावर वहिनी रोज घागर टेकवते. केबल बदलली, मोटारीच्या भाराप्रमाणे फ्यूजची तार घातली, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडले. तार आता उडत नाही.

तुम्हाला करायचे असेल तर तीन गोष्टी सांभाळा. घरच्या 230 व्होल्टवरून कमी दाब करणारा डबा तयार आणि चांगला घ्या, तो उघडू नका. ट्रॅक्टरची बॅटरीही 12 व्होल्टचीच, पण ती लावू नका. तिला झटका नसला तरी शॉर्ट झाल्यावर इतकी वीज सोडते की तार लालभडक होऊन हात भाजतो. आणि रूळ रोज कोरड्या फडक्याने पुसा, धूळ बसली की गाडी अडते.

रूळ महाग वाटले तर बॅटरीचे सेल, दोन तारा, एक बल्ब आणि एक बटण यावरही सुरुवात होते. मुलांना बसवा आणि मुलींना तर नक्की बसवा. आपण शेतावर गेलो की घराजवळची पेटी त्यांच्याच हाताशी असते.