जिभेचा रकाना

माझ्या केसपेपरवर आता तीन रकाने आहेत : बोट, सोनोग्राफी आणि जीभ. पहिला तीस वर्षांपासूनचा आहे. दुसरा माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीनं घालायला लावला. तिसरा एका बाईमुळे आला, आणि तिची माफी मागायला मला तीन महिने लागले.

मी तोंडाचा सर्जन. गोंदियात या कामाचा अर्थ खर्रा. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देणं थांबलं नाही. विशी-पंचविशीची पोरं येतात. गाल आतून चामड्यासारखे झालेले, तिखट सोसत नाही, तोंडात दोन बोटं जात नाहीत. त्या गालांत मी वर्षानुवर्षं हायलुरोनिडेज टोचत आलो, दर आठवड्याला, स्टेरॉइडबरोबर. टोचण्याआधी गाल अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि आतला पट्टा शोधायचा. वीणेच्या तारेसारखा तो बोटाखाली ताठ लागतो. माझं सगळं शिक्षण त्या तारेवर झालं.

त्याच औषधाची पंधराशे युनिटची बाटली घेऊन आता मी ओठ फुगवायला भरलेलं फिलर विरघळवतो. फिलरमधलं जेल हायलुरोनिक ॲसिडचं. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं, गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून. त्याला तोडणारं हे औषध वळू-मेंढ्यांच्या वृषणांतून काढतात. आमच्याकडचे नेत्रतज्ज्ञ मोतीबिंदूच्या भुलीत ते कधीपासून वापरतात. मधमाशीच्या विषातही तेच असतं. म्हणून देवरीकडची, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाणारी बाई आली, की आधी विचारतो, माशी चावल्यावर अंग सुजलं होतं का, धाप लागली होती का. नसेल तरी हातावर थेंबभर टोचून अर्धा तास बसवून ठेवतो.

ओठ भरून घेतलेल्या बाया-मुली इथं नव्हत्या असं नाही, बोलत नव्हत्या. २०२५ च्या जुलैत अभिनेत्री उर्फी जावेदनं आपले ओठ विरघळवून घेतले आणि सुजलेलं तोंड स्वतःच व्हिडिओत दाखवलं. त्यानंतर माझ्याकडे चौकशी वाढली. त्या मुलीच्या धिटाईचं मला मनापासून कौतुक आहे. सूज लपवायची नसते, हे आम्ही डॉक्टरांनी इतक्या वर्षांत कुणाला पटवून दिलं नव्हतं.

आता त्या बाईंची गोष्ट. घरातल्या लग्नासाठी त्यांनी दूरच्या शहरात ओठ भरून घेतले होते. वरचा ओठ उजवीकडं जड झाला, हसताना तेवढाच भाग मागं राहायचा. त्यांनी मला फोटो दाखवला नाही, हसून दाखवलं. मी इन्सुलिनच्या सुईनं थोडं थोडं औषध टोचलं. पहिल्या दिवशी औषधाचीच सूज येते, ती धरायची नसते. तिसऱ्या दिवशी ओठ उतरला होता. मी तो चिमटीत धरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपला आणि म्हणालो, साफ झालं.

‘सर, अजून हाय. जिभेले लागते.’

मी सांगितलं, जिभेला सवय झाली आहे, जाईल. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा चाचपलं, पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला मात्र मी म्हणालो, ‘ताई, आता हा मनाचा खेळ आहे.’ त्या काही बोलल्या नाहीत. ओढणी तोंडावर घेतली आणि गेल्या.

माझ्याकडे शिकणारी मुलगी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकून आलेली. ती म्हणाली, सर, एकदा सोनोग्राफी करू या. मी टाळत होतो. कारणही तयार होतं. १९९४ च्या गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यामुळं नोंदणीशिवाय सोनोग्राफीचं यंत्र दवाखान्यात ठेवता येत नाही, ओठासाठी बाईंना सेंटरवर कुठं पाठवायचं? पण खरी गोष्ट अशी, की माझ्या बोटाला कुणी तपासावं हे मला नको होतं. शेवटी तिनंच त्यांना फोन केला. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, या पाटीखाली गरोदर बायकांच्या रांगेत त्या बसल्या, आणि त्यांच्या शेजारी मी.

ओठावर बारीक प्रोब ठेवला. पडद्यावर ओठाच्या स्नायूचे करडे पदर, आणि त्यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी काळी पोकळी. जेल असं काळं दिसतं. मी प्रोब बाजूला करायला लावला आणि त्याच जागी बोट ठेवलं. डोळ्याला जागा माहीत होती, बोटाला नव्हती. तीनदा करून पाहिलं. लागलं नाही.

त्या दिवसापासून मी याच एका गोष्टीभोवती फिरतो आहे. आधी वाटलं, वय झालं. एकसष्टाव्या वर्षी पेरांची कातडी कोरडी पडते, जाणीव कमी होते. ते कारण मला सोयीचं होतं. पण त्याच आठवड्यात एका मुलाच्या गालातला कोवळा पट्टा मला पहिल्या स्पर्शात सापडला. बोट बोथट झालेलं नव्हतं. त्याला फक्त ताठर ते ओळखायला शिकवलं होतं. जेल आजूबाजूच्या मांसाइतकंच मऊ असलं, की ते माझ्या बोटाखालून निसटतं. जिभेला तीस वर्षांची शिकवण नाही, तिला आपल्या घरातला प्रत्येक उंचवटा ठाऊक असतो. दातात अडकलेला तीळ तिला डोंगराएवढा वाटतो, ते ती उगाच वाढवून सांगत नाही.

‘साहेबांच्या हाताले डोळे हायेत,’ असं रुग्णांचे नातेवाईक म्हणायचे. मला ते फार आवडायचं. नव्या डॉक्टरांसमोर मी डोळे मिटून गाल चाचपायचो, पट्टा कुठं सुरू होतो ते सांगायचो. त्यात शिकवण्यापेक्षा दाखवणं जास्त होतं. त्या बाईंना खोटं पाडलं ते या हौसेनंच.

काही जण आख्खी बाटली एका बैठकीत ओठात रिकामी करतात. ओठ सपाट होतो, शरीराचं स्वतःचं हायलुरोनिक ॲसिडही त्यात तुटतं. ते शरीर पुन्हा तयार करतं, पण तोवर ती बाई आरशाला घाबरलेली असते. रक्तवाहिनी बंद पडली, ओठ पांढरा किंवा जाळीदार निळसर झाला, तर भरपूर औषध आणि लगेच, तिथं अर्ध्या तासाचा हिशेब करायचा नसतो. साध्या गाठीसाठी तसं करणं मला आळशीपणा वाटतो. चाचपायचं नाही, बघायचं नाही, विचारायचं नाही. त्याहून माझा राग आहे तो पार्लरमध्ये बिनसुईच्या पेनानं जेल मारणाऱ्यांवर. काय भरलं ते तेही सांगू शकत नाहीत. सिलिकॉन असेल, तर माझ्या बाटलीचा काही उपयोग नाही, जेवढं निघेल तेवढं कापूनच काढावं लागतं. फिलर घेणाऱ्या प्रत्येक बाईला माझी हात जोडून विनंती आहे : सिरिंजच्या खोक्यावरचा स्टिकर मागून घ्या आणि आधार कार्डाजवळ ठेवा.

त्या बाईंची मी माफी मागितली, त्या मुलीसमोर. मग पडद्यावर बघत त्या काळ्या ठिपक्यात औषध सोडलं.

मागच्या बुधवारी त्या आल्या होत्या. बोट : काही नाही. सोनोग्राफी : काही नाही. जीभ : उजवीकडं किंचित. तिसऱ्या रकान्यातलं मी त्यांच्यासमोर लिहिलं, सुई भरली नाही, आणि दोन आठवड्यांनी बोलावलं आहे.