उद्या कोण वाचणार?

आषाढ पौर्णिमा आली की छत्रपती संभाजीनगरात भीमनगर-भावसिंगपुऱ्यापासून मुकुंदवाडीपर्यंत विहारांत रात्रीची वर्दळ वाढते. आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. पूर्वी पावसाळ्यात भिक्खू एका जागी मुक्काम करत आणि लोक त्यांच्याकडे जात. शहराच्या उत्तरेला डोंगरात कोरलेली बुद्ध लेणी त्या भिक्खुसंघाचीच. आज वस्तीतल्या बहुतेक विहारांत मुक्कामी भिक्खू नसतो. मग वर्षावास पाळायचा कोणी? गृहस्थांनी. रोज रात्री वंदना, त्रिसरण-पंचशील आणि मग बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन.

या कामाचा पगार कुणालाच नाही. मी ऐकणाऱ्यांतला, मागच्या भिंतीला टेकून बसणारा. त्यामुळे वाचनाइतकीच त्यामागची धावपळही कानावर पडते. किल्ली कुणाकडे, चटया कुणी झटकल्या, मेणबत्त्या संपल्यात हे कुणाच्या लक्षात आलं? पांढऱ्या साडीतल्या उपासिका दारातच दुसऱ्या दिवशीचं ठरवून टाकतात. "ताई, उद्या तुमचं वाचन हं." "अगं, चष्मा दुरुस्तीला दिलाय. सुनेला पाठवते, ती वाचंल." सून येते, पहिल्या दिवशी अडखळते. आठवडाभरात तीच पुढच्या वाचकाला हाक मारायला लागते.

ग्रंथाची बांधणीही या वाटून घेण्याला सोयीची आहे. आठ खंड, त्यांत भाग, भागांत छोटी प्रकरणं आणि प्रत्येक प्रकरणात क्रमांक घातलेले परिच्छेद. काल बावीसवर थांबलो, आज तेवीसपासून. नव्या माणसाला मागचं सगळं समजावून सांगावं लागत नाही. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 चं. मूळ इंग्रजी ग्रंथ छापून आला तो त्यानंतर, 1957 मध्ये. मराठी अनुवाद करणाऱ्यांत म. भि. चिटणीस होते, याच शहरातल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. विहारातल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. असायला हवं, असं मला वाटतं.

वाचन मोडतं ते बहुधा चांगल्या माणसामुळे. एका वस्तीत एक गृहस्थ होते: वाणी उत्तम, पाली गाथा तोंडपाठ. वाचन दहा मिनिटं, विवेचन तासभर. स्वयंपाक टाकून आलेल्या बायका आधी चुळबुळल्या, मग यायच्याच थांबल्या. किल्ली, माईक, वर्गणीची वही, सगळं त्यांच्याकडेच. त्यांची बदली झाली आणि त्या पावसाळ्यात विहाराचं दार फक्त रविवारी उघडलं. शेजारच्या वस्तीत एवढा जाणकार कुणी नव्हता. तिथे मात्र खंड पडला नाही, कारण वाचणारे रोज बदलत होते आणि विवेचन कुणालाच जमत नव्हतं.

वेळेचा प्रश्न वेगळा. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात. आठला बसलं तर पहिल्या पाळीचे येतात, दुसऱ्या पाळीचे कामावर असतात. नऊला ठेवलं तर शाळकरी पोरं पेंगतात. काही ठिकाणी आता विहाराऐवजी रोज एकेका घरी वाचन होतं. घर बदलतं तशी माणसंही बदलतात, आणि ज्यांचं घर असतं ते तरी नक्की हजर असतात!

खरी रंगत पहिल्याच खंडात येते. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून सिद्धार्थाने घर सोडलं, ही परंपरेने सांगितलेली कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या ग्रंथात कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेलं भांडण. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, शाक्यांच्या संघात त्याचा पराभव होतो आणि तो परिव्रज्या पत्करतो. जायकवाडी धरणात वरच्या नगर-नाशिककडून किती पाणी सुटलं याची बातमी रोज वाचणाऱ्या, नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात हे प्रकरण निमूट ऐकलं जात नाही. "म्हंजे नगर-नाशिकवाले कोलिय का?" मागून कुणीतरी विचारतं आणि पुढची पंधरा मिनिटं क्रमांक तिथेच अडकतो. अडकू द्यावा. बाबासाहेबांनी 1950 साली इथे सुरू केलेल्या कॉलेजला पुढे नाव मिळालं ते भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून भंडावणाऱ्या मिलिंद राजाचं, आणि परिसराला नागसेनाचं.

आश्विनात समारोप होतो. भोजनदान, खीर आणि जमाखर्चाचं जाहीर वाचन. त्याला ग्रंथाइतकेच कान टवकारलेले असतात. गेल्या समारोपाला थोडे पैसे शिल्लक राहिले. नवा माईक घ्यायचा की पोरांना वह्या, यावर बराच वेळ हुज्जत झाली. माईकवाले जिंकले. वह्यांसाठी वेगळी वर्गणी काढायचं ठरलं आणि ती गोळा करायचं काम, सर्वानुमते, सगळ्यात मोठ्याने भांडलेल्या काकूंकडे गेलं.