बांध आणि घरगल्ली

बिळासमोर उकिडवं बसलो की माझा हात लगेच औषधाच्या डब्याकडे जात नाही. आधी बिळाचं तोंड बघायचं. कडा गुळगुळीत झाल्या असतील, बाहेर ताजा उकीर पडला असेल, तर आत वस्ती आहे. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल, तर घर रिकामं. दादरच्या फूल मंडईच्या आसपास कधी झेंडूच्या पाकळ्या आत ओढलेल्या दिसतात. पिलांचं अंथरूण तयार झालं, असं समजायचं.

उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताचं काम मला एका जुन्या मुकादमांनी शिकवलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "आज मारायचं नाही, आज नुसतं बुजवायचं." दोन चाळींच्या पाठी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या, मधल्या घरगल्लीत गळके पाइप आणि वरून पडलेलं खरकटं. तिथली चौदा बिळं संध्याकाळी ओल्या मातीने लिंपली. सकाळी त्यातली पाच उघडली होती. औषध त्या पाचांनाच.

ते औषधही जपून. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला ओल लागली की फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि बिळाच्या वळणांतून आत पसरतो. तो फटींतून घरातही शिरेल, म्हणून राहत्या भिंतीलगतच्या बिळात गोळी टाकायची नाही. तिथे पिंजरा, नाहीतर आमिष. झिंक फॉस्फाइड वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी पीठ ठेवायचं, कारण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. तेवढा धीर धरला नाही, तर औषध वाया जातं आणि उंदीर शहाणा होतो.

गावाकडे, साताऱ्यात, आमच्या उसात घुशींचा त्रास फार. ऊस मोडला की भाऊ ट्रॅक्टरला पलटी नांगर जोडतो. फाळाखाली बिळं फुटतात, साठवलेली कणसं वर येतात, मागून बगळे उतरतात. लहानपणी मला वाटायचं, आता एकही उरली नसणार. पण नांगर बांधापाशी येऊन वळतो. बांधाला हात लावला की भांडण, म्हणून तो तसाच रुंद आणि गवताळ राहतो. घूस तिथे हातभर खोल बसून असते. पीक उभं राहिलं की पुन्हा शेतात उतरते.

मुंबईत इतकी वर्षं काढल्यावर माझ्या लक्षात आलं, की घरगल्ली म्हणजे शहराचा बांधच. दोघांच्या मधली, म्हणून कुणाचीच नाही. घूस नेमकी अशा हद्दीवर राहते.

या दुर्लक्षाची किंमत मुंबईने मोजली आहे. 1896 मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला. तो उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांच्या, हवेशीर वसाहती उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनीतून चालताना मला ते आठवतं. वारा आणि उजेड हीसुद्धा उंदरांविरुद्धची औषधंच आहेत. आज भीती लेप्टोची. उंदराचं मूत्र मिसळलेल्या पावसाच्या पाण्यातून चालताना पायाला साधी चीर असली, तरी तेवढी पुरते.

एकदा एका घरगल्लीवरून दोन्ही इमारतींचे लोक 'घुशी त्यांच्या बाजूच्या' म्हणून अडून बसले होते. मी दोन्हीकडच्या एकेकाला गल्लीत उभं केलं आणि अलीकडच्या बिळात पाणी ओतायला लागलो. तिसऱ्या बादलीला पलीकडच्या भिंतीखालून गढूळ पाणी वर आलं. दोघंही बघत राहिले. मग कुणीच वाद घातला नाही. महिन्याभरात गळके पाइप बदलले, खिडक्यांना जाळ्या बसल्या आणि दोघांनी मिळून तळाला कोबा केला.

मी हजारो उंदीर मारले असतील, पण मोजताना मला ते आठवत नाहीत. ती गल्ली आठवते. पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर बॅटरी घेऊन आत शिरलो. खालचा कोबा कोरडा होता, उकिराचा कण नव्हता. कोपऱ्यात एक जुनं तोंड बुजवायचं राहून गेलं होतं. त्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.