अकरा शून्यं

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी दोन महिने दगड उचलले. बाबा त्याला इंटर्नशिप म्हणायचे. आजी वेठबिगार म्हणायची, कारण स्टायपेंड एसटीच्या तिकिटांतच संपत होता.

देवगडजवळचा सडा. पावसाळ्यात इथे फुलं येतात, त्याची रील्स तुम्ही पाहिली असतील. मे महिन्यात नुसता करपलेला कातळ. पण त्यावर जांभ्याचे सुटे दगड असतात आणि त्यांच्याखालच्या जराशा गारव्यात अख्खी वस्ती राहते. विंचू, गोम, पाली, कधी बेडूक. आणि फुरसं. आंब्याची बाग करायची म्हणजे कातळाला सुरुंग लावायचे, खड्ड्यांत बाहेरून माती आणून भरायची. सुटे दगड गडग्यात जातात. मग खालच्या वस्तीचं काय होतं, हे मॅडमना मोजायचं होतं.

काम सोपं. दोरीच्या रेषेत चालायचं, दगड मापायचा, पलीकडची कड आकडीने आपल्याकडे ओढून उचलायचा, म्हणजे दगड मध्ये आडोसा राहतो. खाली कोण आहे ते लिहायचं. कोणी नसेल तर शून्य. मग दगड होता तसाच, त्याच बाजूने परत. बहुतेक वेळा शून्यच असतं, हे पहिल्या आठवड्यातच कळलं.

तिसऱ्या आठवड्यात फुरसं निघालं. वीतभर असेल. वेटोळी एकमेकांवर घासत करकर आवाज करत होतं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लिही, एक."

दुसऱ्या दिवशी मॅडम बागेत होत्या, दोरी धरणारे काका पार पलीकडच्या टोकाला. मी एकेका दगडापाशी जाऊन उभी राहायचे आणि हात पुढे व्हायचा नाही. शेवटचे 11 दगड मी उचललेच नाहीत. 11 शून्यं लिहिली. तसंही शून्यच निघालं असतं ना?

संध्याकाळी देवळात वाडीतल्या मुलांचा वर्ग असायचा. तो माझ्याकडे होता. त्या दिवशी अंगणात दोरीचे चौकोन आखून मुंग्या मोजायच्या होत्या. पाचवीतल्या एकाच्या वहीत एक रकाना कोरा. मी म्हटलं, "अरे, मुंग्या नसतील तर शून्य लिहायचं."

"थंय कुत्रो निजलो हा. मी बघूक नाय. मगे शून्य कसा लिवतलंय?"

रात्री मॅडमना सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ते पान मागितलं, 11 शून्यांवर काट मारली, समोर 'पाहिले नाही' असं लिहिलं.

मग विचारलं, "आधीची पानं?"

"ती खरी आहेत."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. ती पानं खरीच होती, पण सिद्ध कसं करणार? दगड तर मीच नीट जागेवर ठेवले होते.

सकाळी नवी रेषा होती. या वेळी काका शेजारी उभे होते. पहिल्याच दगडाला आकडी लावायला मला पाच मिनिटं लागली. खाली काही नव्हतं. वाकून नीट पाहिलं, शून्य लिहिलं, दगड खाली ठेवला. पुढचा मोठा होता.